उत्तरं वाचणार कोण?

गेल्या महिन्यात नातवाच्या शाळेत पालक सभेला गेले होते. लेक ऑफिसात अडकलेली, जावई दौऱ्यावर, म्हणून आजीची रवानगी झाली. विषयपत्रिकेवर सहल होती, बसच्या भाड्याची वाढ होती आणि शेवटी ‘विद्यार्थ्यांचे भावनिक आरोग्य : ऑनलाइन चाचणी’ असा एक मोघम विषय होता. बसचं भाडं वीस मिनिटांत मिटलं, यावरून पुढच्या विषयाची कल्पना यावी. बेत असा होता, की पाचवी ते दहावीच्या प्रत्येक मुलाने एक गूगल फॉर्म भरायचा. तीस प्रश्न, प्रत्येक उत्तराला गुण आणि बेरजेवरून मुलाला हिरवा, पिवळा किंवा लाल रंग. हिंजवडीला नोकरी करणारे एक बाबा उभे राहिले, “आधी डेटा तर येऊ द्या. मोजलंच नाही तर कळणार कसं?” मागच्या रांगेतले एक आजोबा ताडकन उठले, “आमच्या वेळी असली थेरं नव्हती. आम्ही काय वेडे झालो?” मग काय, दीड तास. एकीकडे मुलांची काळजी असलेले आधुनिक, दुसरीकडे मुलांवर शिक्का बसू न देणारे संस्कारी आणि मध्ये माइकची ओढाताण. या गदारोळात शेवटच्या खुर्चीवरच्या एका आईने, बहुधा ती सभेत पहिल्यांदाच बोलत असावी, विचारलं, “पण ही उत्तरं वाचणार कोण?” मुख्याध्यापिका म्हणाल्या, “ते बघू आपण,” आणि माइक पुढे गेला.

रिक्षात बसले तरी त्या प्रश्नाने पाठ सोडली नाही. दीड तासात मुद्द्याचं बोललेलं ते एकच माणूस होतं. चाचणी हवी की नको, असा हा वाद आपण घालतोय आणि तो असा घालणंच चूक आहे. माझं मत सरळ सांगते. मुलांच्या मनाची पद्धतशीर विचारपूस व्हायला हवी, आजोबांना रुचो न रुचो. पण ज्या शाळेत लाल रंग आलेल्या मुलाशी त्याच आठवड्यात बोलायला शिकलेलं माणूस बसलेलं नाही, त्या शाळेने फॉर्म वाटू नये. उशिराने वाटावा असं मी म्हणत नाही. माणूस बसेपर्यंत वाटूच नये.

ही घाई आत्ताच का सुटली, तेही समजून घेऊ. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, ही त्यातली एक. त्याआधी सप्टेंबर २०२२ मध्ये एनसीईआरटीने शाळकरी मुलांच्या मानसिक अडचणी लवकर ओळखण्यासाठी मार्गदर्शिका काढली होती. त्याच्याही आधी, २०१३ मध्ये, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आपल्याच राज्यातल्या पालघरमधून सुरू झाला. शाळेत येणारं डॉक्टरांचं पथक डोळे-दात-हृदय बघतं आणि त्या यादीत शिकण्याच्या व वागणुकीच्या अडचणीही आहेत. म्हणजे कागदावर सगळं आहे. फक्त समुपदेशक नेमायचा तर दरमहा पगार द्यावा लागतो आणि गूगल फॉर्म फुकट असतो. न्यायालयाने माणूस मागितला, आपण प्रश्नपत्रिका काढली. परीक्षा घेणं हे आपल्याला जमणारं काम आहे ना!

चाचणीच्या बाजूने सर्वांत बळकट मुद्दा कोणता, हे मला कुणी सांगायला नको. पेठेतल्या एका मराठी शाळेत मी एकोणतीस वर्षं शिकवलं आणि तो मुद्दा माझ्याच वर्गात बसलेला होता. नववी क, चौसष्ट मुलं. शेवटच्या बाकावरचा एक दांडगा मुलगा मी त्या सत्रात तीनदा मुख्याध्यापकांपुढे उभा केला. त्याच वर्गात खिडकीजवळ तिसऱ्या बाकावर दोन वेण्यांची एक मुलगी होती. वह्यांना खाकी कव्हर, पट्टीने आखलेला लाल समास आणि असं अक्षर की मी तिची वही उंच धरून वर्गाला दाखवायची. एके दिवशी जिन्यात शाळेतल्या मावशींनी मला थांबवलं. “बाई, ती तुमची दोन वेण्यांवाली रोज मधल्या सुट्टीत बाथरूमात बसून राहते. डबा खात नाही. नळ सोडून ठेवते, आवाज येऊ नये म्हणून.” माझ्या हातात सहामाहीच्या पेपरांचा गठ्ठा होता. “बघते हं, मावशी,” म्हणाले. तीन आठवडे गेले आणि मग ती शाळेत यायचीच बंद झाली. घरी गेले तेव्हा कळलं, की वडिलांच्या आजारपणापासून पोर महिनोन् महिने धड झोपलेली नव्हती. तिचं ते वर्ष गेलं. पुढच्या जूनमध्ये ती पुन्हा नववीत बसली, माझ्याच वर्गात, त्याच बाकावर.

शिक्षकांना दंगा दिसतो, दुःख दिसत नाही. जे मूल वर्गाला त्रास देतं ते नजरेत भरतं, जे स्वतःलाच त्रास करून घेतं ते गुणी ठरतं. प्रत्येकाला सारखेच प्रश्न विचारले तर अशी गुणी मुलं हाती लागतात, हे मला मान्य आहे. निम्मे मानसिक आजार वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात, असं अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीने २००५ मध्येच दाखवलं होतं. आपल्याकडे बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १७ वयोगटात मानसिक आजाराचं प्रमाण ७.३ टक्के निघालं. साठ मुलांच्या वर्गात चार जण. अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्यसेवा कार्यदलाने २०२२ मध्ये १२ ते १८ वयाच्या मुलांना नैराश्याबद्दल आणि ८ ते १८ वयाच्या मुलांना चिंताविकाराबद्दल सरसकट विचारावं अशी शिफारस केली. (आत्महत्येच्या धोक्याच्या सरसकट चाचणीबद्दल मात्र पुरेसा पुरावा नाही, असं त्यांनीच म्हटलं. ते वाक्य सहसा कुणी पुढे पाठवत नाही.) तेव्हा हिंजवडीच्या बाबांचा हेतू चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही.

पण माझ्याच गोष्टीकडे पुन्हा बघा. त्या वर्षी फॉर्म असता तर काय झालं असतं? तिने खरी उत्तरं लिहिली असती, असं धरू. ती उत्तरं आली असती वर्गशिक्षिकेकडे, म्हणजे माझ्याकडे, त्याच सहामाहीच्या गठ्ठ्यावर. मावशींनी मला जे सांगितलं होतं, ते कुठल्याही फॉर्मपेक्षा नेमकं होतं. वेळ, जागा, डबा, नळ, सगळं. माहिती कमी पडली नव्हती. ती घेऊन जायचं कुठे हे मला ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर जायला सवडही नव्हती. माझा दोष मी कुणावर ढकलत नाही. पण चौसष्ट मुलांच्या बाईला आणखी एक तक्ता देऊन तो दोष दुरुस्त होतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी कधी सहामाहीचे पेपर तपासलेले नाहीत.

“शाळेत डोळे तपासतात, दात तपासतात, मग मन का नको?” हे वाक्य त्या सभेत तीनदा आलं, टाळ्यांसकट. ऐकायला छान आहे. डोळ्यांच्या तपासणीत पोराला तिसरी ओळ वाचता आली नाही, की चिठ्ठी घरी जाते, बाबा लक्ष्मी रोडला नेतात आणि चार दिवसांत चष्मा येतो. तपासणी चुकली असेल तर चष्म्याच्या दुकानात दहा मिनिटांत समजतं आणि मूल हसत परत येतं. मनाच्या बाबतीत चष्म्याचं दुकान कुठे आहे? जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन आणि युंगनर यांनी १९६८ मध्ये चाळणी चाचण्यांचे दहा निकष लिहून ठेवले. निदानाची आणि उपचाराची सोय हाताशी असली पाहिजे, हा त्यातला अगदी साधा निकष. आपल्या देशात लाख लोकांमागे सरासरी पाऊण मानसोपचारतज्ज्ञ आहे आणि त्यात फक्त मुलांचं काम करणारे मूठभर. पुणं त्या मानाने भाग्यवान म्हणायचं. इथे डेक्कनपासून औंधपर्यंत पाट्या दिसतात. पण एका भेटीचे हजार-दीड हजार रुपये दांडेकर पुलाजवळच्या घरकाम करणाऱ्या बाईने कुठून आणायचे? आणि एका भेटीत काय होतं?

आता थोडं गणित, फार नाही. हजार मुलांची शाळा घ्या. त्यातल्या सत्तर मुलांना खरोखर मदतीची गरज आहे असं धरा. चाचणी बरी आहे, शंभरातली ऐंशी गरजू मुलं पकडते आणि शंभरातल्या ऐंशी ठणठणीत मुलांना बरोबर सोडते. म्हणजे सत्तरपैकी छप्पन्न सापडली, चौदा निसटली. इथवर ठीक. पण उरलेल्या नऊशे तीस ठणठणीत मुलांपैकी वीस टक्के, म्हणजे एकशे शहाऐंशी मुलांनाही लाल रंग येतो. लाल यादी झाली दोनशे बेचाळीस मुलांची आणि तिच्यात चारांमागे जेमतेम एक खरं. आकडे मी समजावण्यापुरते घेतलेत, पण आजार जितका विरळ तितकी यादी पोकळ, हा हिशेब कुठल्याही चाचणीला चुकत नाही. या दोनशे बेचाळीस मुलांशी एकेक करून, शांतपणे, अर्धा-पाऊण तास कुणीतरी बोललं तरच त्या यादीला अर्थ. ते बोलणं हीच खरी तपासणी, फॉर्म ही नुसती रांग लावण्याची युक्ती. आणि रांग लावून खिडकी बंद ठेवायची?

हा नुसता तर्क आहे असं वाटत असेल, तर युरोपात झालेला एक प्रयोग बघा. दहा देश, १६८ शाळा, अकरा हजारांवर मुलं. निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये २०१५ साली छापून आले. काही शाळांत शिक्षकांना धोक्याच्या खुणा ओळखायला शिकवलं. काही शाळांत मुलांकडून प्रश्नावली भरून घेतली आणि धोक्यातल्या मुलांना तज्ज्ञांकडे बोलावलं. काही शाळांत चार आठवड्यांत मिळून पाचेक तास मुलांनाच बोलतं केलं. त्यात प्रसंग वठवणं होतं, चर्चा होत्या, सोबत एक पुस्तिका होती. उरलेल्या शाळांत वर्गात नुसती पोस्टरं लावली. वर्षभराने आत्महत्येचे प्रयत्न आणि तीव्र विचार कुठे घटले? मुलांना बोलतं केलं त्या शाळांत. शिक्षकांना शिकवलेल्या आणि प्रश्नावलीच्या शाळांत पोस्टरांपेक्षा ठळक फरक पडला नाही. तिथे तर तज्ज्ञ होते, पैसा होता, पाठपुरावा होता. आपल्याकडे त्यातली प्रश्नावली तेवढी आपण उचलतोय.

प्रश्नावल्या वाईट असतात असं नाही. रॉबर्ट गुडमन या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाची १९९७ ची प्रश्नावली जगभर वापरतात. पंचवीस विधानं, त्यांपुढे खरं नाही, थोडंफार खरं, अगदी खरं अशा तीन खुणा. चांगली बेतलेली आहे आणि तिने निदान होत नाही, हे तिचे जाणकारच बजावतात. पण तिच्यातलं एक विधान डोकेदुखी-पोटदुखीबद्दल आहे. जनता वसाहतीतून सकाळच्या सत्राला चहासुद्धा न घेता येणाऱ्या मुलाचं डोकं दहा वाजता दुखतं ते मनामुळे की भुकेमुळे? दुसरं विधान एकटं असण्याबद्दल. बाणेरच्या सोसायटीत आईबाबा रात्री आठला येईपर्यंत एकटं असणारं मूल तिथे काय खूण करेल? शिवाय आमची मुलं ‘मी उदास आहे’ असं कुठे म्हणतात? ‘बोअर होतंय’, ‘टेन्शन आलंय’, ‘डोकं सटकलंय’, इतकंच. त्या ‘बोअर’च्या पोटात काय काय असतं, ते समोर बसून दुसऱ्यांदा विचारल्याशिवाय बाहेर येत नाही. आणि पुणेकर पालकांना मी ओळखते. स्कॉलरशिप, प्रज्ञाशोध, प्रबोधिनीची प्रवेशपरीक्षा यांची सवय झालेल्या या शहरात लालऐवजी हिरवा रंग कसा आणावा, याचा क्लास सहा महिन्यांत निघेल. मी पैज लावते.

आता आजोबांकडे वळते, कारण त्यांचंही सगळंच टाकाऊ नाही. शिक्क्याची त्यांना वाटणारी भीती इतिहासात जागोजाग खरी ठरली आहे. आल्फ्रेड बिने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने १९०५ साली बुद्धिमापनाची चाचणी केली, ती कशासाठी? ज्या मुलांना शिकताना जास्तीची मदत लागेल ती ओळखावीत म्हणून. हेतू आपल्या मुख्याध्यापिकाबाईंइतकाच निर्मळ. बिने १९११ मध्ये वारला आणि चाचणी अटलांटिक ओलांडून गेली. अमेरिकेत तिच्यावरून माणसांवर मंदबुद्धीचे शिक्के बसू लागले आणि १९२७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने असे शिक्के बसलेल्यांच्या सक्तीच्या नसबंदीला मान्यता दिली. आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामतांनी १९३० च्या दशकात तीच चाचणी कानडी आणि मराठी मुलांसाठी बेतली. बिने-कामत हे नाव आजही प्रमाणपत्रांवर दिसतं आणि त्या प्रमाणपत्रामुळे कित्येक मुलांना परीक्षेत हक्काची सवलत मिळते. चाचणी तीच, एकीकडे नसबंदी, दुसरीकडे सवलत. फरक पडला तो निकाल कुणाच्या हाती गेला आणि त्यांनी त्याचं काय केलं, यामुळे. शाळेच्या दाखल्यावरचा शेरा पुसायला काय यातायात करावी लागते, ते कारकुनाच्या खिडकीपाशी उभं राहिलेल्याला विचारा. लाल रंग कुठल्या फाइलमध्ये जाणार आणि कधी फाडला जाणार, हे विचारणारा पालक मागासलेला नसतो.

मात्र ‘आमच्या वेळी नव्हतं’ हे काही मला पटत नाही. आजोबा, होतं. विहिरी होत्या, घरातून निघून गेलेले मामा होते, माडीवर कोंडून ठेवलेली आत्या होती आणि त्यांच्याबद्दल बोलायचं नाही असा दंडक होता. २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद झाली आणि राज्यांत आपला महाराष्ट्र सर्वांत वर होता. आणखी एक समजूत सभेत ऐकली, की असलं विचारलं तर नसलेलं डोक्यात भरेल. हेही तपासून झालंय. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांमधल्या दोन हजारांवर मुलांवरच्या अभ्यासात, २००५ मध्ये, आत्महत्येबद्दल थेट विचारलेल्या मुलांचा त्रास न विचारलेल्यांपेक्षा वाढलेला आढळला नाही. आधीच खचलेल्या मुलांना तर विचारल्याने किंचित हलकंच वाटलं. विचारल्याने काही बिघडत नाही. विचारून तोंड फिरवल्याने बिघडतं.

आणि या तोंड फिरवण्याचा धडा पुण्याला तरी नव्याने शिकवायला नको. १८९७ ची प्लेगची साथ खरी होती, रोगी शोधणंही गरजेचंच होतं. तेव्हाच्या शास्त्राप्रमाणे रँडचं धोरण अगदीच निराधार होतं असं म्हणता येणार नाही. पण गोरे सोजीर पेठांतून घरोघर शिरले, माजघरापर्यंत गेले, माणसं उचलून छावणीत नेली. परिणाम काय झाला? लोक रोगी लपवायला लागले, प्रेतंसुद्धा लपवायला लागले. जे शोधायचं तेच दडलं. २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर काय झालं, ते शाळेतलं पोरही सांगेल. त्याच साथीत, त्याच शहराच्या कडेला, हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात डॉ. यशवंत फुल्यांनी दवाखाना उघडला होता आणि सावित्रीबाई रोग्यांना तिथे नेत होत्या. मुंढव्याच्या वस्तीतल्या एका मुलाला त्यांनी पाठीवर वाहून आणलं आणि त्याच संसर्गाने १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. रोग एक, शहर एक, वर्ष एक. रँडकडे यादी होती, सावित्रीबाईंकडे जागा होती. गूगल फॉर्मला मी रँड म्हणत नाही, उगाच कुणी तसं ऐकू नये. पण पौगंडातलं मूल पेठेतल्या त्या घरांसारखंच असतं. कुणीतरी आत शिरतंय असा वास आला, की जे दाखवायचं तेच ते आधी लपवतं.

एक गोष्ट सभेत कुणाच्या तोंडी आली नाही आणि मला तीच सर्वांत गंभीर वाटते. समजा फॉर्मच्या शेवटच्या मोकळ्या जागेत एखाद्या मुलीने लिहिलं, की काका रात्री माझ्या खोलीत येतात. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे असं कळलेल्या प्रत्येकावर ते पोलिसांना कळवण्याची जबाबदारी येते आणि न कळवणं हा गुन्हा आहे. ते वाक्य कुणाला ‘कळलं’? फॉर्म बनवणाऱ्या संगणकाच्या सरांना? दोन आठवडे न उघडलेल्या तक्त्याला? आणि त्या मुलीने काय समजायचं? तिने आयुष्यात एकदा धीर केला आणि समोरून ‘आपला प्रतिसाद नोंदवला आहे’ असं उत्तर आलं. दुसऱ्यांदा ती कुणालाही सांगणार नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा अठराखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागतो, ते योग्यच. पण दुखणं घरातच असेल तर संमतीची सही कोण करणार? या गाठी सुटणाऱ्या आहेत, पण त्या सोडवायला माणूस लागतो, जिल्हा बालसंरक्षण कक्षाचा नंबर ठाऊक असलेला आणि १०९८ या बालमदतीच्या नंबरला फोन करायला न बिचकणारा.

“तुम्ही म्हणता तो माणूस मिळावा म्हणूनच तर आकडे हवेत. आकडे दाखवले तर पदं मंजूर होतील,” असं हिंजवडीचे बाबा नंतर जिन्यात मला म्हणाले. मुद्दा प्रामाणिक होता. पण निम्हान्सचा आकडा येऊन किती वर्षं झाली? २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या लाखो मुलांची कल चाचणी घेतली गेली. निवृत्तीआधी मीही संगणक कक्षात बसून ती घेतली. अहवाल आले, मुलांनी पाहिले आणि टक्के नेतील त्या शाखेला गेली. कारण अहवाल हातात घेऊन मुलाशी तासभर बोलायला कुणी नव्हतं. चाचण्यांतून पदं उगवत असती, तर महाराष्ट्रात एव्हाना समुपदेशकांची फौज असती.

बरं, हा माणूस फार महागडा, परदेशी पदवीवाला असावा असंही नाही. बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या ७४ शाळांत गोव्याच्या ‘संगत’ संस्थेने ‘सेहेर’ नावाचा प्रयोग केला, निष्कर्ष २०१८ मध्ये आले. काही शाळांत एक जास्तीचा माणूस दिला. मानसशास्त्रज्ञ नव्हे, साधंच पण नीट शिकवून तयार केलेलं माणूस. त्याने भित्तिपत्रक चालवलं, मुलांच्या चिठ्ठ्यांसाठी पेटी लावली, गट बसवले, एकेकट्या मुलांशी बोलला. वर्षाखेर त्या शाळांतलं वातावरण सुधारलं, दादागिरी कमी झाली, नैराश्य कमी झालं. दुसऱ्या काही शाळांत हेच सगळं काम असलेल्या शिक्षकांवर सोपवलं. तिथे फरक पडला नाही. मला त्याचं जरासुद्धा नवल वाटलं नाही. निवडणुकीची कामं, यू-डायसची माहिती, पोषण आहाराचा हिशेब, शिष्यवृत्तीचे जादा तास आणि त्यावर आता मनाचा रंग. ज्या शाळेला पूर्ण वेळचा माणूस परवडत नाही, अशा चार शाळांनी मिळून एक नेमावा, प्रत्येकीला ठरलेला वार द्यावा. तो वार मुलांना पाठ व्हावा. दरम्यान टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावावा, सूचना फलकावर नव्हे. सूचना फलकासमोर उभं राहून असला नंबर कुणी लिहून घेत नाही. आणि मावशींना, शिपाईमामांना, व्हॅनच्या काकांना सांगून ठेवावं, की काही दिसलं तर अमक्या खोलीत जाऊन सांगायचं. एवढं वर्षभर चाललं, की मग खुशाल फॉर्म काढा. तेव्हा मी पहिली टाळी वाजवेन, कारण जी मुलं मावशींनाही दिसत नाहीत, त्यांच्यासाठी तो लागेलच.

सभा संपल्यावर मी सहज दुसऱ्या मजल्यावर गेले. जिन्याशेजारी ‘समुपदेशन कक्ष’ अशी रंगवलेली पाटी होती, खाली कुलूप. शिपाईमामांनी किल्ली आणली. आत लेझमांची पोती, स्नेहसंमेलनाचे पुठ्ठ्याचे भाले, मावळ्यांच्या पगड्या आणि भिंतीला टेकवलेला थर्मोकोलचा अर्धा बुरूज. कोपऱ्यात एक टेबल होतं, त्यावर दोन खुर्च्या उलट्या घातलेल्या. “एक मॅडम यायच्या शुक्रवारच्या,” मामा म्हणाले, “दिवाळीनंतर काही आल्या नाहीत.”

रात्री पावणेदहाला वर्गाच्या ग्रुपवर लिंक आली. ‘सर्व विद्यार्थ्यांनी शनिवारपर्यंत भरून पाठवावे.’ दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नातू लेकीचा मोबाइल घेऊन माझ्या शेजारी सोफ्यावर बसला. काय करतोय म्हणून डोकावेपर्यंत त्याने तीसच्या तीस प्रश्नांपुढे ‘कधीच नाही’वर टिचकी मारून फॉर्म पाठवूनसुद्धा दिला होता. “अरे, वाचलेस तरी का?” म्हटलं. “सगळे हेच भरतायत, आजी,” म्हणाला आणि बॅट घेऊन खाली गेला.